भात सोडला नाही, तरी थोडी बारीक झाले त्याबद्दल

हल्ली बाजारात कोणी भेटलं की पहिला प्रश्न, "काय गो, बारीक झालंस ती, शुगर बिगर नाय मा?" आणि त्याच्याच मागोमाग दुसरा, "काय केलंस नेमका, माका पण सांग." शुगर नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र रस्त्यात पिशव्या हातात धरून देता येत नाही, कारण सांगायला लागलं की समोरच्याचं तोंड उतरतं, त्याला एक काहीतरी हवं असतं, एखादी पावडर, उपाशीपोटी प्यायचं एखादं पाणी, आणि माझ्याकडे तसं काहीच नाही. म्हणून इथे एकदाच लिहून टाकते.

मी काही फिटनेसवाली बाई नाही. ऑफिसात दिवसभर खुर्चीत, घरी सासूबाई, नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा, गाव वेंगुर्ला, स्वयंपाक सगळ्यांचा एकच. या सगळ्यात मी एकच गोष्ट ठरवली होती आणि ती अजून पाळते, की जे मला गणपतीत, मे महिन्यात पाहुणे आल्यावर आणि जुलैच्या पावसात करता येणार नाही ते सुरूच करायचं नाही. मग ते कितीही भारी असू दे. या चाळणीतून बघितलं की नव्वद टक्के सल्ले तिथेच गळतात, डोक्याचा ताप कमी.

उदाहरणार्थ ते व्हॉट्सॲपवर फिरणारे डाएट चार्ट. सकाळी ओट्स, अकराला ॲव्होकॅडो, दुपारी किन्वा, रात्री ब्रोकोलीचं सूप. आमच्या मार्केटात सकाळी टोपल्या भरभरून पेडवे (छोटे मासे) मिळतील, ॲव्होकॅडो मागितलंत तर भाजीवाली तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघून घेईल. बरं समजा मिळालं, परवडलं, तरी घरात बांगड्याचं तिखलं शिजतंय, तिरफळांचा वास सुटलाय आणि मी कोपऱ्यात बसून ओट्स खातेय हे किती दिवस चालणार? आणि का चालावं, बांगड्यात वाईट काय आहे?

झटपटवाल्यांचं तर विचारूच नका. आमच्या दिराचा मुलगा मुंबईला असतो, तिथल्या कुठल्याशा जिमने नव्वद दिवसांचं चॅलेंज ठेवलेलं, पोरगा गणपतीला आला तो ओळखू येईना इतका उतरलेला, मोदकाला हात लावला नाही, आजी रडायची बाकी राहिली. पुढच्या शिमग्याला आला तर होता त्याहून जाड. त्याची चूक नाही हो. अमेरिकेत वजन उतरवायच्या स्पर्धेचा एक टीव्ही शो होता, 'द बिगेस्ट लूजर', त्यातल्या १४ स्पर्धकांना शास्त्रज्ञांनी सहा वर्षांनी परत तपासलं, २०१६ साली ते छापून आलं. एक सोडून सगळ्यांचं वजन परत चढलेलं, आणि त्यांची शरीरं बसल्याजागी जेवढी ऊर्जा वापरायला हवी त्यापेक्षा दिवसाला साधारण ५०० कॅलरी कमी वापरत होती. म्हणजे जोरात उपाशी ठेवलं की शरीर काटकसर शिकतं आणि ती काटकसर वर्षानुवर्षं सोडत नाही.

आता भात. वजनाचं नाव काढलं की पहिला सल्ला, भात सोड. कोकणातल्या माणसाला भात सोड सांगणं म्हणजे घर सोड सांगण्यासारखं आहे, आणि सोडून खायचं काय, तर चपात्या, ज्यांना वरून तेल लावलेलं. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण १३० कॅलरी असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, घाबरायचं ते भाताच्या डोंगराला. आमच्याकडे वाढायची पद्धत अशी की आधी भात ताटभर, मग मधे खळगा करून त्यात आमटी नाहीतर सार, भाजी कडेला चवीपुरती. मी फक्त क्रम बदलला. आधी भाजी वाढून घ्यायची, मग मासा नाहीतर उसळ, आणि उरलेल्या जागेत भात, एक वाटी, लागला तर परत घ्यायला कोणी बंदी घातलेली नाही. गंमत म्हणजे बहुतेक वेळा परत घ्यायची वेळ येत नाही कारण तोवर पोट भरलेलं असतं. रात्री उकड्या तांदळाची पेज असेल तर अजूनच सोपं, पाणीच इतकं जातं पोटात.

पोट भरतं ते मुख्य प्रोटीनने, आणि याबाबतीत आपण किनाऱ्यावरची माणसं नशीबवान आहोत. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम. १०० ग्रॅम बांगड्यात १८-१९ ग्रॅम मिळतं, एका अंड्यात ६, आणि बांगडा-पेडव्यात ओमेगा थ्री आहे ते वेगळं, ज्याच्या कॅप्सूल शहरात बाटलीने विकतात. शाकाहाराच्या दिवशी काळ्या वाटाण्याची उसळ, चवळी, मूग. कुळीथ पण उत्तम, सुक्या कुळथात १०० ग्रॅमला २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, पण इथे जरा हिशोब बघा, कुळथाच्या पिठीत (पातळ कालवणात) माणशी पीठ पडतं दोन चमचे, त्यामुळे पिठी-भात खाल्ला म्हणजे प्रोटीन झालं असं होत नाही, सोबत अंडं नाहीतर उसळ हवीच. सासूबाईंना हे पटलेलं नाही, त्यांच्या मते पिठी म्हणजे सगळंच आलं.

ज्याने खरा फरक पडला ते तेल. आणि हे मी कोणाला सांगितलं तर कोणी ऐकत नाही कारण त्यात काही थ्रिल नाही. आमच्या घरात माणसं चार, तेलाचा कॅन महिन्याला पाच लिटरचा. एकदा सहज भागाकार केला, पाच हजार मिलीला चार माणसं गुणिले तीस दिवस, म्हणजे माणशी रोजचं ४० मिलीच्या वर तेल, साधारण ३८ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, झाल्या ३४५. म्हणजे जवळजवळ अडीच वाट्या भात, जो ताटात दिसत नाही. मी कॅनमधून ओतायचं बंद केलं, एक स्टीलचा पळा ठेवला, फोडणीला मापून, आणि महिन्याचं तेल साडेतीन लिटरवर आणलं. पदार्थ तेच, घरात कोणाला पत्ता नाही. नुसत्या त्याने माणशी रोजच्या शंभरेक कॅलरी कमी झाल्या. मासे आम्ही रवा लावून तव्यावरच भाजतो, बुडवून तळत नाही, फक्त तव्यावर तेल सोडताना हात आवरायचा, आणि तवा आधी नीट तापवायचा म्हणजे रवा तेल कमी पितो आणि मासा चिकटत पण नाही. पलटायची घाई करायची नाही, कडा सोनेरी दिसायला लागली आणि उलथनं खाली सहज सरकलं की मगच. घाई केली की साल तव्याला आणि मग आपण अजून तेल सोडतो, तिथेच सगळं बिघडतं.

शंभर कॅलरी म्हणजे काय मोठंसं असं वाटेल. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात, सरळ भागाकार केला तर अडीच महिन्यांत किलो. प्रत्यक्षात इतकं सरळ होत नाही, वजन उतरलं की शरीराची गरज पण उतरते, म्हणून पुढे पुढे वेग मंदावतो. पण मंदावला तरी काय, मला कुठे लग्नाला उभं राहायचंय.

खोबरं मी मोजत नाही. हो, १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे कॅलरी आहेत, माहीत आहे, पण वाटपाशिवाय जेवण म्हणजे शिक्षा. एवढंच केलं की एकाच जेवणात वाटपाचं कालवण आणि सोलकढी आणि वर खोबरं घातलेली भाजी असं तिन्ही नको, कालवण वाटपाचं असेल त्या दिवशी नारळाच्या दुधाशिवाय नुसतं आमसुलांचं सार.

आमसुलांवरून आठवलं. हल्ली 'कोकमाने चरबी जळते' म्हणून गोळ्या, अर्क, ज्यूस काय काय विकतात, आणि घेणारे आपलेच लोक, ज्यांच्या अंगणात रातांब्याची, म्हणजे कोकमाचीच, झाडं आहेत. त्यामागची गोष्ट अशी की कोकमाच्या साली आणि त्याच्याच जातभाई गार्सिनिया कॅम्बोजिया यात हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड असतं, त्यावरून हा सगळा बाजार उभा राहिला. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक चाचणी छापून आली, १३५ माणसं, बारा आठवडे, अर्ध्यांना गार्सिनिया आणि अर्ध्यांना खोटी गोळी, दोघांना जेवण सारखंच आखून दिलेलं. गार्सिनियावाल्यांचं उतरलं सरासरी ३.२ किलो आणि खोट्या गोळीवाल्यांचं ४.१. म्हणजे काम केलं ते जेवणाने. आमसूल तिखल्यात घाला, सरबत प्या, पण त्या सरबतात साखर किती ओतलीय ते बघून प्या.

साखरेचं थोडक्यात. चार कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे ३५-४० ग्रॅम साखर चहातच गेली, डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. मी चमचा अर्धा केला, कप चाराचे दोन केले. बेकरीच्या खारी-बटरचा डबा घरात भरणं बंद, कोणाकडे गेल्यावर पुढे आली तर खाते, नाही म्हणून त्यांचा अपमान करत नाही. काजूचं मात्र लक्ष ठेवावं लागतं, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती इथल्याच फळ संशोधन केंद्राच्या, त्यामुळे गावात काजूला तोटा नाही आणि टीव्ही बघताना मूठ कधी भरते कळत नाही, १०० ग्रॅमला ५८० कॅलरी. वाटीत काढून घ्यायचे आणि डबा कपाटात, बास.

चालण्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण तिथेच सगळ्यात जास्त फुकटचं टेन्शन आहे. ऑफिसातल्या एक मॅडम रात्री अकरा वाजता हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात कारण घड्याळात दहा हजार स्टेप्स व्हायच्या असतात. हा दहा हजारचा आकडा कुठल्या अभ्यासातून आलेला नाही, १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई' म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर असं ठेवलं होतं, तिथून तो चिकटला. नंतर खरोखरचा अभ्यास झाला तेव्हा, २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून, असं दिसलं की साठीच्या पुढच्यांना सहा ते आठ हजारांपर्यंत फायदा वाढत जातो आणि मग सपाट होतो, साठीच्या आतल्यांना आठ ते दहा हजार. आणि जो दोन-तीन हजारच चालतो त्याने हजार-दोन हजार वाढवले तरी त्याला बराच फायदा. त्यामुळे सात हजारावर झोपायला हरकत नाही.

मी संध्याकाळी ऑफिस सुटलं की बंदराच्या बाजूला चालत जाते, जाताना सरळ रस्ता, येताना अंगात दम असेल तर दीपगृहाच्या टेकडीची चढण. वेग एवढा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, चालायची हौस सगळ्यांना असते, बाहेरून आलेल्यांना तर जास्तच, पण त्यात एक मेख आहे. कोरड्या मऊ वाळूत चालायला रस्त्यापेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, ऐकायला छान आहे पण पोटऱ्या आणि टाचा दुसऱ्या दिवशी बोलतात आणि तिसऱ्या दिवशी माणूस जात नाही. चालायला बरी ती पाण्याकाठची ओली घट्ट वाळू, आणि ती मिळते ओहोटीला. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, आज सहाला असली तर चार दिवसांनी सव्वानऊला. म्हणजे 'रोज संध्याकाळी सहा वाजता बीचवर वॉक' हे समुद्राला मान्य नाही, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला तर वाळूच शिल्लक राहत नाही. ज्या दिवशी वेळ जुळली त्या दिवशी पुळण, एरवी डांबरी रस्ता. कालनिर्णय बघून लग्नाचे मुहूर्त काढतो तसे चालायचे काढत बसू नये.

पावसात काय, हा प्रश्न आपल्याकडे सोडवावाच लागतो. जूनपासून चार महिने छत्री उलटी होते, रस्त्यावर शेवाळ, संध्याकाळी लाईट नाही. या चार महिन्यांत मी ताकदीचा व्यायाम करते, जो तसाही आठवड्यातून दोनदा सगळ्यांनीच करायला हवा असं डब्ल्यूएचओ सांगते आणि बायका हमखास टाळतात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू तीन ते आठ टक्क्यांनी घटत जातात, आणि नुसतं चालून ते राहत नाहीत. सामान काही नाही, लोट्यावर (पडवीत) उठाबशा, खुर्चीवर टेकून उठायच्या, भिंतीला हात टेकून पुशअप, आणि अर्धी भरलेली कळशी दोन्ही हातांनी कमरेपासून छातीपर्यंत उचलायची, पाठ सरळ ठेवून. कळशी सोपी वाटायला लागली की पाणी वाढवायचं. वीस मिनिटं, गाऊनवर, कोणी बघत नाही. मुलगा हसतो, हसू दे.

सासूबाई सत्तरी उलटलेल्या, अजून आडाळ्यावर (विळीवर) बसून मासे कापतात. मी बघत असते, पेडव्यांची टोपली पुढ्यात, एक गुडघा मुडपून बसलेल्या, मांजर बाजूला, आणि शेवटचा मासा धुऊन झाला की तळहात जमिनीला न लावता उठतात. त्यांना व्यायाम म्हटलं तर राग येतो. पण आमच्या ओट्यांनी आणि डायनिंग टेबलांनी आमच्याकडून जे काढून घेतलं ते मला असं आठवड्यातून दोनदा वेळ काढून परत करायला लागतंय. दिवसातून एक जेवण तरी जमिनीवर पाटावर बसून जेवायचं हे त्यांच्यामुळे सुरू झालं.

वजनकाटा आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी. रोज बघितलात तर वेड लागेल, कारण आदल्या रात्री सुकटीची चटणी आणि सुका बांगडा झाला की मिठामुळे पाणी धरतं आणि काटा सकाळी किलोभर वर दिसतो, ती काही चरबी नाही. मला काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरी वाटते. आपल्या लोकांचं हे नेहमीचंच, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर खूप काम केलंय, २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन यांचा एक फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३, आणि अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२. वजनात नॉर्मल म्हणजे सगळं आलबेल नाही ते यासाठी. आपल्याकडे कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी असं धरतात. टेप बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून, पोट आत न ओढता. ही शेवटची अट आमच्या ह्यांना जमत नाही.

सणांचं मी काहीच करत नाही. गणपतीत मोदक खाते, वर तूप घालून खाते, लग्नात पंगतीला बसते. मे महिन्यात हापूस रोज एक, कापून, १०० ग्रॅम गराला साठेक कॅलरी, त्यात काय आहे, गडबड होते ती रस-पुरीने आणि रसात घातलेल्या साखरेने. फक्त एक आहे, पाहुणे गेले की उरलेली मिठाई आणि खाज्याचे पुडे शेजारीपाजारी नाहीतर ऑफिसात वाटून टाकायचे. सण पाच दिवसांचा असतो, जाड करतो तो त्यानंतरचा महिनाभर पुरणारा डबा.

एक महत्त्वाचं, ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी माझं वाचून किंवा कोणाचंही ऐकून एकदम जेवण तोडू नये, औषध तेवढंच आणि जेवण निम्मं झालं की शुगर खाली जाते, चक्कर येऊन पडायला होतं. आधी डॉक्टरांना विचारा, डोस बदलावा लागतो.

आता जून तोंडावर आलाय. पावसाळी मासेमारी बंदीने यांत्रिक बोटी बंद झाल्या की दोन महिने ताजा मासा मिळेल तो खाडीतला आणि महागाचा, त्यामुळे घरात सुक्याचा मारा होणार आणि मीठ वाढणार. सुका बांगडा दोन पाण्यांतून भिजवून घेतला की खारटपणा बराच जातो, तो आठवड्यातून एकदाच, बाकी अंडी आणि कडधान्यं. काळे वाटाणे आणून ठेवलेत, कुळीथ भाजून झालेत, गिरणीवाल्याची लाईट टिकली तर उद्या पीठ दळून आणते.